मुदतीचा दाखला

मनुष्याचे आयुष्य किती उरले हे सांगण्याचा जो अधिकार आपल्याकडे परंपरेने ज्योतिषांकडे होता, तो ब्रिटनच्या सरकारने १९९० साली डॉक्टरांना बहाल केला. ज्या रुग्णाचा मृत्यू सहा महिन्यांच्या आत संभवतो असे वैद्यकीय मत पडेल, त्याला अपंगत्वाच्या भत्त्यासाठी इतरांप्रमाणे तिष्ठत ठेवू नये, असा तो नियम होता. हेतू निःसंशय दयेचा; कारण एरवी वृद्धांना हा भत्ता मागण्यापूर्वी सहा महिने परावलंबी असावे लागे, आणि ज्याच्या पदरी तेवढे महिनेच शिल्लक नाहीत त्याने ते आणावेत कोठून? अर्ज रुग्णाच्या वतीने दुसऱ्या कोणी, त्याला न कळविताही करावा, अशी मुभा त्यात होती. स्वतःच्या मरणाची वार्ता रुग्णाला सरकारी कागदावरून कळू नये, एवढे तारतम्य दप्तरी कारभारात क्वचितच आढळते.

परंतु मुदत ठरविणे जितके कायद्याला सोपे, तितके वैद्यकाला नाही. कर्करोगाच्या अंतिम अवस्थेत ऱ्हासाचा वेग पुष्कळदा अजमावता येतो. उलट हृदय किंवा फुफ्फुसे दीर्घकाळ निकामी होत गेलेला रुग्ण आज अत्यवस्थ होतो, पुढल्या आठवड्यात उठून बसतो, आणि असे हेलकावे किती काळ चालतील हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मोटर न्यूरॉन रोगाची गती तर रुग्णागणिक निराळी. साहजिकच प्रामाणिक डॉक्टरचा हात सहीपाशी अडखळे, आणि त्याच्या प्रामाणिकपणाचा भुर्दंड मात्र रुग्णाला पडे.

या आजारांसाठी झटणाऱ्या संस्थांनी अनेक वर्षे तगादा लावल्यावर इंग्लंड-वेल्समध्ये सहा महिन्यांचे बारा झाले. एप्रिल २०२३ पासून अपंगत्वाच्या भत्त्यांनाही ती सवलत लागू आहे. माझ्या मते ही निव्वळ मुदतवाढ होय. स्कॉटलंडने मात्र, आपल्या २०१८ च्या कायद्याच्या आधारे, मुदतच काढून टाकली: व्याधी वाढत जाणारी आहे आणि तिची परिणती मृत्यूत होईल, एवढे वैद्यकीय मत तेथे पुरते. डॉक्टरला जे ठाऊक असते तेवढेच त्याला विचारावे, हा साधा न्याय तेथे पाळला गेला.

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्याच वाटेने येतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्याने एकवीस प्रकार मानले, त्यांत कर्करोगाचे नाव नाही. बहुतेक सवलतींना चाळीस टक्क्यांचा दाखला लागतो, आणि मरणासन्न देहाची टक्केवारी कशी काढावी हे कोडेच आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोग्याला जागा आहे खरी, पण तेथे तहसील कचेरीत प्रथम तपासले जाते ते कुटुंबाचे उत्पन्न. उरलेल्या आयुष्याची चौकशी त्या अर्जात कोणी करीत नाही.