धर्माला दर्जा मिळाला, भाषेचे काय?

महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. निर्णय स्वागतार्हच, मात्र ‘ज्यू’ या एका शब्दाआड या समाजाच्या निरनिराळ्या भाषा झाकल्या जातात.

बगदादच्या शासकाच्या जाचामुळे देशत्याग करून डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईत आले. येथे स्थिरावलेल्या बगदादी ज्यूंची घरची भाषा अरबी होती. पण ती हिब्रू लिपीत लिहिली जाई आणि तिच्यात हिब्रू व अरामी शब्द मिसळलेले असत. हीच ज्यूडिओ-अरबी. भारताच्या किनाऱ्याला ती नवखी नव्हती. बाराव्या शतकात मंगळूरला राहिलेल्या अब्राहम बेन यिजू या व्यापाऱ्याची पत्रे याच भाषेतील आहेत. ससून पेढीचा पत्रव्यवहारही तिच्यात चाले आणि मुंबईतून १८५५ ते १८६६ या काळात तिच्यात नियतकालिक निघत असे.

तिच्यावर कोणी बंदी घातली नाही. ब्रिटिश साम्राज्यात व्यापार आणि प्रतिष्ठा इंग्रजीकडे होती, एवढेच तिच्या ऱ्हासाला पुरले. डेव्हिड यांचे पुत्र अब्दुल्ला हे आल्बर्ट झाले. १८९० मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. धर्म टिकला, पण घरातील बोली दोन-तीन पिढ्यांत मागे पडली.

याउलट, पेणकर, रोहेकर अशी आडनावे लावणाऱ्या कोकणातील बेने इस्रायलींनी मराठीलाच प्रार्थनेच्या जवळ नेले. वल्हांडण सणाचा ‘हागादा’ हा पाठ १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह छापला गेला. इस्रायलला गेल्यावरही त्यांनी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले. शेजाऱ्यांचीही तीच भाषा असल्याने तिला घराबाहेरचा आधार होता. ज्यूडिओ-अरबीला येथे तो नव्हता.

ज्या भाषेला असा आधार नसतो, तिच्यासाठीच धोरण लागते. राज्यघटनेचा अनुच्छेद २९ नागरिकांच्या कोणत्याही गटाला आपली भाषा, लिपी वा संस्कृती जतन करण्याचा हक्क देतो. त्यात धर्माची अट नाही. प्रत्यक्षात आपली अल्पसंख्याक धोरणे बहुतांशी धर्माभोवतीच फिरतात. शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक संस्थांबरोबरच जुनी पत्रे, छापील ग्रंथ आणि ज्येष्ठांच्या बोलीचे ध्वनिमुद्रण यांसाठीही तरतूद हवी. समाजाची शिरगणती पुन्हा करता येते. बोलणाराच उरला नाही, तर भाषेची नोंद करता येत नाही.