खोल पाण्यातले हिवाळे

वाऱ्याची सत्ता समुद्राच्या लाटांपुरतीच, असा आपला सर्वसाधारण समज असतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच; त्यामुळे भूगोलाच्या तासाला शिकलेले घरी सोप्या भाषेत सांगण्याची सवय मला लागली आहे. तोच प्रयत्न येथे करते.

कॅनडा आणि ग्रीनलंड यांच्यामध्ये लाब्राडोर समुद्र आहे. हिवाळ्यात कॅनडाकडून येणारे कोरडे, गार वारे त्याच्या पाण्यातील उष्णता ओढून घेतात. थंड झालेले पाणी जड होऊन खाली बुडते व खालचे वर येते. कडक हिवाळ्यात ही घुसळण २,००० मीटरपर्यंत पोचते. पृष्ठभागावरचा गारठा, क्षारता आणि प्राणवायू यांची शिदोरी घेऊनच ते पाणी खोल जाते.

परंतु सगळेच हिवाळे सारखे नसतात. आइसलंडजवळ हवेचा दाब कमी, तर अझोर्स बेटांजवळ जास्त असतो. हा फरक वाढला की पश्चिमी वारे जोर धरतात. घटला की मंदावतात. १९६० नंतरच्या दशकात ते मंद होते. त्यातच आर्क्टिककडून आलेले कमी खारट, हलके पाणी झाकणासारखे वर पसरले आणि दशकाच्या अखेरीस खोल घुसळण जवळजवळ थांबली. १९७२ च्या कडक हिवाळ्याने ते झाकण फोडले. १९९० च्या सुमारास असे हिवाळे लागोपाठ आले, तेव्हा खोल पाणी अधिक थंड व कमी खारट झाले. पुढे वारे मंदावताच भोवतालचे उबदार, खारट पाणी आत शिरले आणि उलटा बदल सुरू झाला. २००८ च्या हिवाळ्यात खोल घुसळण पुन्हा परतली.

हा प्रश्न केवळ लाब्राडोरचा नाही. मानवी व्यवहारांमुळे पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के उष्णता समुद्र पोटात घेतो आणि ती खोलवर नेणाऱ्या वाटा अशा मोजक्याच ठिकाणी आहेत. ग्रीनलंडचे बर्फ वितळून येणारे गोडे पाणी उद्या तेथे पुन्हा झाकण घालू शकते. म्हणून खोल समुद्राचे मोजमाप वर्षानुवर्षे, न चुकता व्हावयास हवे. एकदोन वर्षांच्या आकड्यांवरून वाऱ्याचा तात्पुरता हेलकावा कोणता आणि कायमचा बदल कोणता, हे ओळखता येत नाही.