चार गुंठ्यांची बाग

जत हे सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातले तालुक्याचे गाव. १९४८ पर्यंत ते डफळे घराण्याच्या संस्थानाचे मुख्य ठिकाण होते. वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बरीचशी जमीन हलकी आणि मुरमाड, उन्हाळा कडक. अशा गावाच्या कडेची शेतजमीन एन. ए. होते, प्लॉट पडतात, घरे उभी राहतात. लेआऊटच्या नकाशात मात्र एक तुकडा रिकामा सोडलेला असतो. त्यावर लिहिलेले असते, ‘ओपन स्पेस’.

अशा तुकड्याचे पुढे काय होते, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही लहान गावात पाहायला मिळते. कुठे बांधकामाची उरलेली खडी पडते, कुठे गाजरगवत माजते. कुठे हौसेने तारेचे कुंपण घालून हिरवळ लावतात आणि एक-दोन उन्हाळ्यांत ती वाळून जाते. मग जागा पडीक दिसू लागते, आणि पडीक जागेवर कोणाची ना कोणाची नजर जातेच.

हा रिकामा तुकडा नकाशात आला कुठून? आणि जतसारख्या गावात त्यावर बाग करायची तर ती कशी असावी? पहिला प्रश्न इतिहासाचा आहे आणि दुसरा विज्ञानाचा. दोन्ही वर्गात घेता येण्याजोगे आहेत.

प्लेगनंतरची मुंबई

१८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. दाट चाळी, उजेड न येणाऱ्या खोल्या, तुंबलेली गटारे यांतून ती पसरत गेली. पुढे पुणे आणि साताऱ्याकडेही ती पोहोचली. १८९८ मध्ये सरकारने ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ नावाची संस्था स्थापन केली. दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढायचे आणि शहराच्या उत्तरेकडे नव्या, मोकळ्या वसाहती आखायच्या, हे तिचे काम.

कोंदट हवा आणि अंधार यांमुळे रोग पसरतो, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. खरे कारण वेगळे होते. प्लेगचा जीवाणू १८९४ मध्ये सापडला होता, आणि तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत काम करताना दाखवले. म्हणजे मोकळ्या जागांमुळे प्लेग थेट थांबणार नव्हता. पण उजेड आणि हवा यांची गरज प्लेगपुरती नसते. म्हणून त्या काळातला एक नियम आजही अभ्यासण्यासारखा आहे.

ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढे आणला. खोलीत पुरेसा उजेड यायचा असेल, तर समोरच्या इमारतीचा माथा क्षितिजापासून ६३.५ अंशांहून वर जाता कामा नये. हाच कोन का? दहावीच्या विद्यार्थ्यांना ६३.५ अंशांचा टॅन्जंट काढायला सांगा. उत्तर जवळजवळ २ येते. म्हणजे इमारतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या रुंदीच्या दुपटीपेक्षा जास्त नको. गवंड्यालाही दोरीने मोजता येईल असा हा हिशोब आहे.

पाच बागा

ट्रस्टच्या दादर–माटुंगा योजनेत मंचेरजी जोशी नावाचे अभियंते होते. मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी १०३ प्लॉट राखून ठेवावेत, यासाठी त्यांनी ट्रस्टला राजी केले. त्यातून दादर पारशी कॉलनी उभी राहिली. तिच्या शेजारची ‘फाइव्ह गार्डन्स’ मुंबईत प्रसिद्ध आहेत. आज त्यांना मंचेरजी जोशी पंच उद्यान असे नाव आहे.

एक मोठी बाग न करता रस्त्यांच्या मधे पाच लहान बागा, अशी ही रचना आहे. तिचा फायदा भूमितीने समजतो. २०० मीटर बाजूचा एक चौरस घ्या. त्याची परिमिती ८०० मीटर. तेवढ्याच क्षेत्रफळाचे १०० मीटर बाजूचे चार चौरस केले, तर परिमितींची बेरीज १६०० मीटर होते. क्षेत्रफळ तेच, पण कड दुप्पट. कड जास्त म्हणजे बागेकडे तोंड असलेली घरे जास्त. खिडकीतून आजीला नातू खेळताना दिसतो. राखणदार नसला तरी बागेवर लक्ष राहते.

१९१४ मध्ये पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार भारतात आले. १९१९ पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. जुन्या पेठा सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याला त्यांचा विरोध होता. पडक्या घरांच्या जागा साफ कराव्यात, तिथे झाड लावावे आणि वस्तीला छोटे मोकळे चौक मिळवून द्यावेत, असे ते सुचवत. १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर त्याची जागा नव्या कायद्यांनी घेतली. आजचा महाराष्ट्राचा कायदा १९६६ चा आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीनुसार ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचा लेआऊट करताना साधारणपणे १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ४००० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ एक एकर, आणि त्याचे १० टक्के म्हणजे सुमारे चार गुंठे. नकाशातला तो रिकामा तुकडा आपल्यापर्यंत असा आला.

मुंबईची हिरवळ जतला नको

कायदा जागा देतो, बाग देत नाही. बागेचे चित्र आपण बहुतेक वेळा मोठ्या शहराकडून घेतो: मधे हिरवळ, कडेला फुलांचे ताटवे, एक कारंजे. मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जतला त्याच्या चौथाईच्या आसपास. तेच चित्र इथे आणले तर काय होईल, याचा हिशोब करू.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. उन्हाळ्यात हिरवळीला रोज ५ मिलिमीटर पाणी लागते असे धरू. कोरड्या उष्ण हवेत हा आकडा जास्त नाही. चार गुंठ्यांपैकी ३०० चौरस मीटरवर हिरवळ लावली, तर रोज १५०० लिटर पाणी लागेल. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. म्हणजे ही हिरवळ रोज सुमारे २७ माणसांचे पाणी पिणार. मार्च ते मे या ९२ दिवसांत १,३८,००० लिटर. ज्या तालुक्याने टँकरचे उन्हाळे पाहिले आहेत, जिथे म्हैसाळ योजनेचे कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून आणावे लागते, तिथे असे पाणी मागणे योग्य ठरेल का? आणि टंचाईत पहिले पाणी बागेचेच तुटणार. म्हणून हिरवळ वाळते. तो माळ्याचा आळस नसतो, आखणीतली चूक असते.

आता हिरवळीऐवजी १२ झाडे लावू. प्रत्येक रोपाला आठवड्यातून दोनदा २० लिटर. तेरा आठवड्यांत सुमारे ६,२०० लिटर झाले, म्हणजे हिरवळीच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी. शिवाय हे पाणी पहिली तीन-चार वर्षेच द्यावे लागेल. मुळे खोल गेली की नीम, चिंच, करंज अशी झाडे बहुतांशी स्वतःचे स्वतः भागवतात.

सावली कुठे पडते?

जत सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारी सूर्य इथे थेट डोक्यावर येतो. त्या वेळी भिंतीची सावली भिंतीच्या पायाशीच राहते. सावली हवी तर डोक्यावर पाने हवीत. दुपारी साडेतीनच्या सुमारास सावलीची लांबी झाडाच्या उंचीइतकी होते आणि ती पूर्वेकडे पडते. म्हणून बाकाच्या आणि घसरगुंडीच्या पश्चिमेला झाड लावावे. पूर्वेला लावले तर मुले खेळायला येतील तेव्हा सावली बागेबाहेर पडलेली असेल.

झाडाची निवडही कॅलेंडर पाहून करावी. मूळचा मादागास्करचा गुलमोहर एप्रिल-मेमध्ये फुलांनी लाल होतो. पण तेव्हा त्याच्या फांद्यांवर पाने फार कमी असतात, आणि वादळी वाऱ्यात त्याच्या फांद्या सहज मोडतात. नीमाची पाने फेब्रुवारी-मार्चमध्ये गळतात आणि ऊन तापायच्या आत नवी पालवी येते. ऐन उन्हात सावली देणारे झाड कोणते, हे यावरून ठरवता येते.

पाऊस कमी असला तरी तो बागेवरही पडतो. ४०० चौरस मीटरवर ५०० मिलिमीटर म्हणजे वर्षाला २ लाख लिटर. बागेत सगळीकडे सिमेंटचे ब्लॉक बसवले तर यातले बरेचसे पाणी वाहून जाते. जमीन उघडी ठेवून पायवाटेपुरताच मुरूम दाबला, उताराच्या खालच्या अंगाला झाडांची आळी केली आणि त्यांत पालापाचोळा पसरला, तर तेच पाणी मुळांपाशी मुरते. पालापाचोळा जाळायचा नसतो, तो बागेचे पांघरूण असतो.

वर्गासाठी काम

शाळेजवळची एखादी ‘ओपन स्पेस’ निवडा. टेपने मोजून १:१०० प्रमाणात तिचा नकाशा काढा. असलेली झाडे, उतार, लोकांनी पाडलेली पायवाट दाखवा. लोक कुठून चालतात हे पायवाट खरे सांगते, म्हणून पक्की वाट तिच्यावरच करावी. एका स्वच्छ दिवशी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि साडेतीन वाजता झाडांच्या सावल्या नकाशावर रंगवा. त्याच वेळी उन्हातल्या व सावलीतल्या जमिनीचे तापमान साध्या तापमापीने नोंदवा. प्रत्येक वेळी तापमापीचा फुगा पातळ मातीने झाका. मग वरच्याप्रमाणे पाण्याचा हिशोब करा.

हा नकाशा आणि हिशोब झाल्यावर विद्यार्थ्यांनी तो आपल्या नगरसेवकाला किंवा ग्रामपंचायतीला जरूर दाखवावा. नकाशावर मोजून दाखवलेली जागा गिळणे अवघड असते. आणि बाराही रोपे जगली, तर दहा वर्षांनी त्या सावलीत बसणाऱ्यांत आजच्या विद्यार्थ्यांची मुलेही असतील.