नफा येतो कोठून?

भांडवलशाहीचे परीक्षण करताना समाजवादी विचारवंत प्रथम एक साधा प्रश्न विचारतात : नफा येतो कोठून? सुरतेच्या उदाहरणाने त्यांचे उत्तर नीट समजते.

त्या शहरात यंत्रमागांचे कारखाने दाटीने उभे आहेत. ओडिशातील गंजामप्रमाणे खानदेशातून आलेले कामगारही तेथे राबतात. बारा तासांची पाळी आणि मीटरमागे मजुरी हा सर्वसाधारण प्रघात. कापडाच्या किमतीतून धागा, वीज आणि यंत्राची झीज वजा जाता जे उरते, ते श्रमातून निर्माण झाले, असे समाजवादी मानतात. समजा, मजुरीइतकी रक्कम पहिल्या सात तासांतच भरून निघाली. तर पुढील पाच तासांचे फळ मालकाच्या पदरी पडते. यालाच कार्ल मार्क्सने वरकड मूल्य म्हटले.

त्याच्या ‘भांडवल’ ग्रंथाच्या १८६७ च्या पहिल्या खंडात नगावारी मजुरीचा स्वतंत्र विचार आहे. अशा मजुरीत कामगार आपण होऊन वेग वाढवितो, लांबलेली पाळीही पत्करतो. देखरेखीची गरज कमी होते. परंतु सर्वांचाच वेग वाढला, की दर उतरविता येतो. कायद्याचा आधारही अपुरा पडला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने विजेवरील कारखान्यास दहा कामगारांची मर्यादा ठरविली होती. एकाच छताखालील माग निरनिराळ्या नावांवर दाखवून ती चुकविल्याचे सुरतेत अभ्यासकांना आढळले.

भांडवलशाहीच्या समर्थकांचे उत्तरही विचारार्ह आहे. पैसा गुंतवून धोका पत्करणारा कोणी नसता, तर मागच उभा राहिला नसता. शिवाय सुरतेतील अनेक लहान मालक व्यापाऱ्यांचा धागा विणून देतात. त्यांचा दरही दुसराच ठरवितो. भांडवलशाहीची प्रचंड उत्पादनशक्ती तर मार्क्स आणि एंगल्स यांनीच १८४८ च्या जाहीरनाम्यात मान्य केली होती.

मालकी सरकारकडे गेली म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. १९९१ मध्ये लयास गेलेल्या सोव्हिएत संघात खाजगी कारखानदार उरला नव्हता. तरी वेतन ठरविण्याची सत्ता कामगाराच्या हाती आली नव्हती. हा धोका ओळखूनच जयप्रकाश नारायण, अशोक मेहता प्रभृती भारतीय समाजवाद्यांनी स्वातंत्र्योत्तर काळात समाजवादाची सांगड लोकशाहीशी घातली. सुरतेच्या मागापुरते बोलायचे, तर मीटरचा दर ठरविताना माग चालविणाऱ्यास विचारले जावे, एवढा त्या विचाराचा अर्थ आहे.