जुना ट्रॅक्टर विकण्यापूर्वी : कोणती दुरुस्ती परवडते?

जुना ट्रॅक्टर घ्यायचा, थोडे काम करायचे आणि पुढे विकायचा, हा आपल्या अनेक गॅरेजवाल्या बांधवांचा जोडधंदा आहे. यात तोटा खरेदीपेक्षा दुरुस्तीतच जास्त होतो. कारागिराचे हात शिवशिवतात, एक नट सोडला की दहा कामे निघतात. त्यात स्वतःची मजुरी कोणी खर्चात धरत नाही. ती धरलीच पाहिजे.

गिऱ्हाईक आधी चावी फिरवतो. बॅटरी, सेल्फ, वायरिंग यांवरचा खर्च म्हणूनच वसूल होतो. धक्का मारून चालू होणाऱ्या ट्रॅक्टरचा भाव तिथेच पडतो. मग तो लिफ्ट बघतो. नांगर उचलून इंजिन बंद केल्यावर लिफ्ट भराभर खाली येत असेल, तर बहुधा आतली ओ-रिंग गेलेली असते. माल स्वस्त, काम मजुरीचे. हे करून घ्यावे.

खरा प्रश्न इंजिनाचा. काळा धूर असेल तर हवेचा फिल्टर आणि नोझल बघावे, थोडक्यात भागते. निळा धूर येतो, ब्रीदरही फुंकतो, म्हणजे रिंगा-लायनर झिजले. इथे हात आवरावा. समजा, ट्रॅक्टर आहे तसा १,८०,००० ला जातो आणि इंजिन बांधल्यावर २,२०,००० ला. मजुरीसह काम ४५,००० चे. म्हणजे पाच हजार घरचे गेले, शिवाय गॅरेजची जागा अडली ती वेगळी. त्यापेक्षा इंजिनाचा ऐब सांगून आहे त्या स्थितीत विकावा. स्वतः इंजिन बांधणारा मिस्त्री असा माल शोधतच असतो. ऑइल दुधासारखे पांढरे झाले असेल तर मात्र त्यात पाणी मिसळले आहे. कारण सापडेपर्यंत चालवू नये, बेअरिंगे जातील.

मागचे नवे टायर टाकू नयेत, त्यांची पूर्ण किंमत कोणी देत नाही. संपूर्ण नवा रंगही नको. ताजा रंग दिसला की जाणता शेतकरी खाली वाकून वेल्डिंग शोधू लागतो. स्वच्छ धुलाई पुरे.

पाना हातात घेण्याआधी कागद मात्र बघा. आरसी बुकावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा दाखला व फॉर्म ३५, नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. नोंदणीला १५ वर्षे झाली असतील तर नूतनीकरणही आले. बोजा उतरत नसेल, तर त्या ट्रॅक्टरवर एक रुपयाही घालू नका.