कुरणाचा कर्ब मातीत

आर्णी तालुक्यासारख्या भागात उजाड गायरान दिसले की, खड्डे खणून झाडे लावली तरच कर्बसंचय (हवेतील कार्बन वनस्पतींत व मातीत साठणे) होईल, असे अनेकांना वाटते. गवताळ माळावर मात्र बहुतांश कर्ब मुळांत आणि मातीत असतो. पेवातल्या धान्यासारखा तो वरून दिसत नाही. वणव्यातही बराचसा टिकतो.

म्हणून आधी चराईबंदी (ठरावीक काळ जनावरे न सोडणे) हवी. पावसाळाभर राखण झाली की मारवेल, पवन्या बी धरतात. पळस, बोर, खैर जुन्या खुंटांतून, मुळांतून फुटतात. चराई कायमची थांबवायची नसते. बी गळल्यावर गवत कापून न्यावे किंवा पाळीपाळीने गुरे चारावीत. अशा राखणीतून चारा आणि कर्ब दोन्ही वाढतात.