काचेवर उलगडणारा देह

ऑगस्ट १९९३ मध्ये टेक्सासच्या तुरुंगात जोसेफ पॉल जर्निगन या खुन्याला विषाचं इंजेक्शन देऊन देहदंड देण्यात आला. त्यानं देहदान केलं होतं. कोलोरॅडो विद्यापीठात व्हिक्टर स्पिट्झर आणि डेव्हिड व्हिटलॉक यांच्या चमूनं तो देह गोठवला आणि डोक्यापासून पायापर्यंत एकेक मिलिमीटरचा थर खरवडून काढला. दर थरानंतर उघड्या पडलेल्या भागाचा फोटो घेतला. असे १,८७१ छेद झाले. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं नोव्हेंबर १९९४ मध्ये ते अभ्यासकांसाठी खुले केले. पुढच्याच वर्षी एकोणसाठ वर्षांच्या एका स्त्रीच्या देहाचे पाच हजारांहून अधिक छेद आले. तिचं नाव जाहीर झालं नाही.

‘व्हिजिबल ह्यूमन’ प्रकल्प तो हाच. संगणकानं हे छेद पुन्हा एकावर एक रचले आणि देह हवा तसा, आडवा, उभा, तिरका कापून बघता येऊ लागला. कापलेला पुन्हा जोडताही येऊ लागला. शरीररचनेच्या पडद्यावरच्या अनेक साधनांनी या छेदांचा आधार घेतला. गंमत अशी, की जर्निगनचं अपेंडिक्स आधीच काढलेलं होतं. जगभर नमुना म्हणून गेलेल्या या पुरुषाला अपेंडिक्सच नाही!

देह ‘उघडून’ दाखवायची ही हौस जुनीच. सोळाव्या शतकात युरोपात झडपा असलेली शरीरचित्रं छापली जात; पोटावरचा कागद उचलला की आतडी दिसत, तो उचलला की त्यामागचे अवयव. पण पडद्याच्या दृष्टीनं मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो १८५८ चा ‘ग्रे’ हा शरीररचनेचा पाठ्यग्रंथ. त्यातली चित्रं हेन्री ग्रे यांची नव्हेत. ती काढली हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी. पुस्तक निघालं त्याच वर्षी कार्टर मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागले आणि पुढे तिथले प्राचार्यही झाले. त्या चित्रांत नस, स्नायू, धमनी यांची नावं थेट त्या त्या अवयवावरच लिहिलेली असत. समासातल्या आकड्यांशी ताळा जुळवत बसण्याची कटकट उरली नाही. चित्र आणि त्याचे शब्द शेजारीशेजारी ठेवले तर शिकणं सोपं जातं, हे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी मल्टिमीडियाच्या संदर्भात प्रयोगांनी दाखवलं, ते सव्वाशेहून अधिक वर्षांनी. आजची कितीतरी ॲप्स मात्र अवयवावर बोट ठेवलं की नाव पडद्याच्या भलत्याच कोपऱ्यात दाखवतात.

साधनांची आता रेलचेल आहे. माणसाच्या उंचीचं ॲनाटोमेजचं टचस्क्रीन टेबल, डब्लिनमध्ये जन्मलेलं ‘कम्प्लीट ॲनाटॉमी’, क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठानं होलोलेन्स चष्म्यातून हवेत उभा केलेला देह. पाहुण्यांना फिरवून दाखवायला ही टेबलं फार छान.

शिकण्याचं काय? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात जेफ्री नॉर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा चिवटपणे पिच्छा पुरवला. मनगटाची हाडं पडद्यावर हवी तशी फिरवायची मुभा दिली, तरी विद्यार्थी पुढून आणि मागून अशा मोजक्या दृश्यांभोवतीच घोटाळत राहिले. ज्यांना मनातल्या मनात वस्तू फिरवून बघणं जड जातं, त्यांचा तर नुसत्या फिरत्या चित्रांनी गोंधळच वाढला. पुढे कटिराच्या अभ्यासात प्लॅस्टिकची साधी प्रतिकृती पडद्यापेक्षा सरस ठरली. एक डोळा झाकला की प्रतिकृतीचा हा वरचष्मा बराच ओसरतो, असंही दिसलं. म्हणजे खोली कळते ती दोन डोळ्यांमुळे, आणि सपाट काच नेमकं तेच देत नाही. हाड हातात घेऊन शिकवा, हा जुन्या प्राध्यापकांचा हट्ट मला म्हणूनच हेकटपणा वाटत नाही.

पण फॉर्मॅलिनमधला देह ताठर असतो. हात डोक्यावर नेताना साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यात आणि ६० अंश स्कॅपुलाच्या, म्हणजे पाठीवरच्या त्रिकोणी हाडाच्या, सरकण्यानं होतात. हे डिसेक्शन हॉलमध्ये दिसणं अवघड. पडद्यावर पाच सेकंदांत दिसतं, आणि फिजिओथेरपीच्या मुलांचं अर्धं काम याच्याशीच आहे. गर्भात आतड्याचं वेटोळं २७० अंश फिरतं, ते फळ्यावर दाखवणारे शिक्षक फार तर स्टेथोस्कोपची नळी वळवून दाखवतात. सीटी स्कॅन वाचायला शिकवताना तर पडद्याला पर्याय नाही, कारण स्कॅन म्हणजे मुळात छेदच. पैसे इथे घालावेत.

एमबीबीएसच्या मुलांना निदान डिसेक्शन मिळतं. नर्सिंग, फिजिओथेरपीची मुलं बरेचदा आधीच कापून ठेवलेले नमुने बघतात, तेही दुसऱ्याच्या खांद्यावरून. नितंबात इंजेक्शन द्यायचं तर वरच्या बाहेरच्या चतुर्थांशात, कारण सायटिक नर्व्ह त्या भागाच्या आतल्या बाजूनं आणि खालून जाते. हे वाक्य पाठ नाही अशी नर्सिंगची विद्यार्थिनी विरळाच. तिला आधी पुतळ्यावर पेनानं नर्व्हचा मार्ग काढायला लावावा आणि मग पडद्यावर त्वचा, चरबी, ग्लुटिअस मॅक्सिमस एकेक करून बाजूला सारत तिची रेषा कुठे चुकली ते तिलाच शोधू द्यावं. इथे ‘इंटरॲक्टिव्ह’ या विशेषणाला अर्थ येतो. तयार ॲनिमेशन नुसतं बघितलं की सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि व्हायव्हात दातखीळ बसते.

आणखी एक गोष्ट पडद्याला पेलत नाही: माणसामाणसांतला फरक. पाल्मॅरिस लाँगस हा कोपर आणि मनगट यांच्यामधला स्नायू कित्येकांना नसतोच. काहींच्या किडनीला एकाऐवजी दोन धमन्या असतात. सॉफ्टवेअरमधला देह प्रत्येक वेळी तोच आणि तितकाच नीटनेटका. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात मृतदेहाला ‘पहिला गुरू’ मानण्याचा स्वतंत्र पाठ आहे. जर्निगनच्या छेदांकडे बघताना तो आठवावा असं मला वाटतं, पण टेबलाबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तकांत देह दिलेल्या माणसांविषयी फारसं काही नसतं.

राहता राहिली परीक्षा. ती अजून बरणीतल्या नमुन्यावर टाचणी टोचून, घंटा वाजेपर्यंत नाव लिहायला सांगते. मुलं हुशार असतात. जे विचारलं जाईल त्याचंच पाठांतर करतात, आणि चौरसियांचं शरीररचनेचं पुस्तक त्यासाठी पुरतं. टचस्क्रीनवर सीटीचा छेद उघडून ‘इथे सुई घातली तर वाटेत काय काय लागेल?’ असा प्रश्न ज्या कॉलेजात गुणांसाठी विचारला जाईल, तिथल्या टेबलावर धूळ बसणार नाही.